देवराव बसला की ॲमीटर पडायचा

मी इलेक्ट्रिशियन माणूस. भूत, बाधा, करणी हे शब्द कुणी काढले की माझा ठरलेला प्रश्न असायचा — "फ्यूज तपासला का?" घरचे चिडायचे. आजही अंगारे-धुपारे मला चालत नाहीत. तरी एक गोष्ट आहे, जी माझ्या टेस्टरमध्ये बसली नाही. बायको होती तोवर तिलासुद्धा पूर्ण सांगितली नव्हती.

एकाहत्तरची लढाई तोंडावर आली होती. मी जबलपूरला एका सरकारी कारखान्याच्या दुरुस्ती शेडमध्ये होतो, राहायला तिथल्याच कांचघर वस्तीत. मागच्या लढाईतून आलेल्या जुन्या फौजी जीपा दुरुस्त करून, नव्याने रंगवून आम्ही परत पाठवायचो. ड्यूटी बारा-बारा तासांची. गाडी ताब्यात देताना आमच्याकडे एक रीत होती — जो ड्रायव्हर ती नेणार, त्यानेच सीटवर बसून इंजिन चालू करायचं, हेडलाइट लावायचे, रेस द्यायची. इलेक्ट्रिशियनने बाजूने वाकून ॲमीटरचा, म्हणजे बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा बघायचा. काटा चार्जकडे गेला की बॉनेटच्या आत खडूने 'ओके' लिहायचं. मग गाडी माझ्या जबाबदारीतून सुटली.

देवराव वर्ध्याकडचा, लान्स नायक. गाडी न्यायला आला आणि आठवडाभर अडकला. मराठी बोलणारा सापडला म्हणून मी त्याला रोज घरी जेवायला न्यायचो. गावी त्याला मुलगी झाली होती, अजून पाहिलेली नव्हती. खिशात पत्र घेऊन फिरायचा आणि पिठलं खाताना आम्हाला वाचून दाखवायचा... तेच पत्र, चार वेळा.

त्याच्या जीपवर जखमी जवान आणायचं काम होतं. तशा जागी इंजिन बंद पडलं तर काय होईल, हे मला वेगळं सांगायला नको होतं.

पहिल्या दिवशी तो बसला, रेस दिली, आणि काटा उलटा — पार डिस्चार्जच्या टोकाला. हेडलाइट पिवळे पडले. मी हसलो. कारण हे आमचं नेहमीचं दुखणं. डायनामोची एक वायर गाडीच्या लोखंडी चौकटीला बोल्टने आवळलेली असते, तेच अर्थिंग. घाईत रंगवणारे बोल्टखालीही रंग मारून ठेवायचे. रंगातून करंट जाणार कसा? मी चाकूने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, वायर आवळली, स्वतः बसून रेस दिली. काटा झकास चार्जकडे.

देवराव बसला. काटा पडला.

सीटखाली एखादी वायर दबत असेल म्हणून सीट काढली. वायर धड होती. त्याच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवली, काही नाही. डायनामो बदलला, करंट उलटा जाऊ न देणारं त्याचं कटआउट बदललं. मग आमच्या शेडमधल्या मिश्राजींना बसवलं, ते देवरावच्या दीडपट. काटा चार्जकडे. मिश्राजी म्हणाले, "भैया, मशीन है, आदमी थोड़े पहचानती है."

देवराव परत बसला आणि काटा परत पडला. मिश्राजी चहाला निघून गेले.

"काहून भाऊ, माह्याच हातानं मरून राहिली काय हे?" देवराव हसत म्हणाला. मला मात्र हसू आलं नाही. तीन दिवस हेच चाललं होतं, तेही भर दुपारी, वीस माणसांसमोर.

शेवटी मी साहेबांपुढे खोटा रिपोर्ट ठेवला — वायरिंग जळकं आहे, गाडी थांबवा. नोकरीत पहिल्यांदाच मी खोटं लिहिलं. देवरावला दुसरी गाडी मिळाली. नवी कोरी, कारखान्याच्या लाइनवरून उतरलेली. ती मी निघायच्या आदल्या दिवशी बोल्ट न् बोल्ट तपासली. त्या रात्री मला छान झोप लागली.

सकाळी दहा वाजता गेटजवळ गाड्यांची रांग लागली होती. देवराव बसला, हेडलाइट लावले, रेस दिली. मी वाकलो.

काटा डिस्चार्जच्या टोकाला चिकटला होता.

तीन दिवस मी गाडी तपासत होतो... आणि खोट गाडीत नव्हतीच. देवरावने काटा पाहिला, मग माझ्याकडे.

"थांब," मी म्हणालो, "तिसरी बघतो."

"किती गाड्या बदलसान, भाऊ?"

मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. साहेब ओरडले, "चलो, चलो." मी म्हणू शकलो असतो — उतर, आजारी पड, दवाखान्यात भरती हो, पण जाऊ नकोस. शब्द अगदी ओठांवर होते. पण एवढ्या लोकांत, काटा पडतो म्हणून माणूस रोखायचा? मला लाज वाटली. फक्त लाज! देवराव खाली उतरला, माझ्या हातातला खडू घेतला, बॉनेट उचलून स्वतःच 'ओके' लिहिलं आणि गेला.

लढाई संपली. जीप परत आली, दुसऱ्याच ड्रायव्हरकडून. ती वाटेत एकदाही बंद पडली नव्हती. बॅटरी भरलेली. देवराव जखमींना उतरवून घेत असताना गेला, असं त्या ड्रायव्हरने सांगितलं. गाडीबाहेर, चार पावलांवर.

उन्हाळ्यात त्याची बायको तिच्या भावाबरोबर कागदपत्रांसाठी जबलपूरला आली. पत्ता शोधत आमच्या घरी पोचली. मुलगी कडेवर होती. पाणी प्यायली आणि थेट विचारलं, "भाऊजी, तुमीच पाह्यली होती न गाडी? चांगली होती न?"

"गाडीत काही खोट नव्हती, वहिनी," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. जाताना मुलीला माझ्या पायांवर घातलं. मी पाय मागे घेतले.

तिला मी खोटं काही सांगितलं नाही. पण काटा कशामुळे पडत होता, हे मला आजही माहीत नाही. आणि त्याला उतरवलं असतं तर तो वाचला असता का, हेही नाही.