चार पोरांचा शेजारी

शेजाऱ्याला चौथं मूल झालं तेव्हा त्याने दिलेला पेढा मी खिशात घातला आणि फाटकाबाहेर कुत्र्याला टाकला. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला होता.

लढाईची वर्षं होती. जबलपूरच्या कारखान्यात आम्ही दोघं ओतकामाच्या खात्यात, क्वार्टरही लागून. मी भट्टीवर, तो साच्यांत वाळू भरायला. मी आखाड्यात घुमलेला, घट्ट लंगोट लावणारा, बारा महिने कढत पाण्याने अंघोळ करणारा. तो काडीपैलवान, फुंकर मारली तर उडेल असा. आणि लग्नाला सात वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता तो माझ्या घरी! दोष बायकोवर ढकलून मी मोकळा झालो होतो.

तिच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही, तेव्हा डॉक्टरांनी मला तपासलं. बीज कमी निघालं.

"विडी सोडा, लंगोट सोडा, कढत पाणी बंद," ते म्हणाले. "आणि जमलं तर ती भट्टीही. सततच्या उष्णतेने बीज कमी होऊ शकतं. काही महिने पाळा, मग पुन्हा बघू."

सगळी पैलवानकी पाण्यात गेली. शेजारी तर माझ्या दुप्पट विड्या ओढायचा, त्याला कसं काही होत नव्हतं? घरात उरलेला विड्यांचा कट्टा मी त्यालाच नेऊन दिला. तुझंही वाटोळं होऊ दे, असं मनात म्हणून दिला. तो बिचारा खूश झाला.

भट्टी मात्र सुटेना. कामाची घाई, बदली माणूस आणल्याशिवाय साहेब ऐकेनात. बायकोने हे शेजारणीजवळ बोलून टाकलं. मी तिच्यावर असा भडकलो की ती दोन दिवस रडत होती.

तिसऱ्या दिवशी शेजारी साहेबांच्या खोलीतून सरळ माझ्याकडे आला. "भैया, उद्यापासून तू साच्यावर, मी भट्टीवर. बोलून आलो."

"काहून?"

"अरे, माझे चार झाले. आता माझं काय बिघडते? चलो, डबा खाऊ."

पुढे आम्हाला मुलगी झाली. पण त्या दुपारी त्याच्याशेजारी बसून डबा खाताना मी आतून जळतच होतो. पोरं त्याला होतीच. एवढं मोठं मनही देवाने त्यालाच द्यावं, याचा मला पोरांहून जास्त हेवा वाटला.