हातच्याच्या बाई

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांची उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या मुलीच्या शाळेत मी तक्रार घेऊन गेलो होतो. हेडसरांनी त्यांना वर्गातून बोलावून घेतलं. त्यांनी एका हातानेच पदर सावरला, एका हातानेच खुर्ची ओढली. हाताला लागलंय का, असं हेडसरांनी काळजीने विचारलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही सर. हातचा एक आहे. बेरीज अर्धी टाकून आलेय, सोडला तर पोरं परत घेऊ देणार नाहीत."

हेडसर माझ्याकडे बघत राहिले आणि मी बाईंच्या मुठीकडे.

एककाच्या घरात बारा आले की दोन खाली लिहायचे आणि दहाचा एक मुठीत धरून वर्गभर फिरायचं, ही त्यांची रीत होती. दशकाच्या घराशी पोचेपर्यंत मूठ उघडायची नाही. मध्ये कोणी खडू मागितला तर डाव्या हाताने. त्यामुळे चौथीतली पोरं त्यांना 'हातच्याच्या बाई' म्हणत. मूळ आडनाव हजेरीपटावर असेल, पण ते कोणी वापरल्याचं मला आठवत नाही.

माझी तक्रार अशी होती, की आमच्या श्रेयाला बाईंनी वर्गात शून्य केलं आणि पोरगी घरी रडत आली. तिच्या आईचा पारा चढला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, की तीनशे पाच ही संख्या शिकवताना त्यांनी तीन मुलांना ओळीत उभं केलं होतं आणि श्रेया मधलं शून्य होती. ती बाजूला झाली तसे तीनशे पाचाचे पस्तीस झाले आणि सगळा वर्ग हळहळला. "ती रडली ते शून्य केलं म्हणून नव्हे. दुसऱ्या दिवशी मी शून्य दुसऱ्याला दिलं म्हणून," त्या म्हणाल्या. घरी येऊन विचारलं तर तेच खरं निघालं.

बाई सांगोल्याकडच्या. घरची मेंढरं होती, शिकलेल्या त्या घरात याच पहिल्या. आमच्या शाळेत कायमच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी वर्षापुरत्या आल्या होत्या. हेडसरांशी बोलताना पुस्तकी मराठी, पण गणित रंगात आलं की 'हाय-न्हाय' सुरू व्हायचं. पोरं त्याचीच वाट बघत. बाईंचं 'आहे' सुटून 'हाय' झालं की आता खरं शिकवणं सुरू झालं, असं श्रेया सांगायची.

वर्गात वेणू नावाचा एक मुलगा होता. घरी मागावर कापड विणलं जायचं आणि बोलणं तेलुगूत. त्याला एकोणसाठ लिहायला सांगितलं की तो एकोणसत्तर लिहायचा. नावात साठ आहे म्हटल्यावर सहा लिहायचा, यात त्याची चूक तरी काय? बाईंनी त्याला रागावण्याऐवजी त्याच्या आईकडून तेलुगू आकडे शिकून घेतले आणि वर्गात येऊन जाहीर केलं, की यांच्याकडे पन्नास-नऊ असं सरळ म्हणतात, वाकडं आपलंच हाय. बाईंचं तेलुगू ऐकून वेणूच्या गल्लीतल्या बायका पदरात तोंड लपवून हसत. पण एकोण म्हणजे एक उणा, हे वेणूच्या डोक्यात पक्कं बसलं. इतकं की चाळिसांच्या वर्गात एक मुलगा आला नाही, तेव्हा वेणूने उठून सांगितलं, "बाई, सागर आज एकोण हाय."

दिवाळीनंतर अपूर्णांक आले. बाईंनी डब्यातून कडक भाकरी आणली. भाकरीचे चार समान भाग करून पाव, अर्धा, पाऊण दाखवायचा बेत होता. पण आपली कडक भाकरी कोणाचं ऐकते? पहिल्याच दाबाला तिचे लहानमोठे तुकडे झाले, काही बाकाखाली गेले. बाई डगमगल्या नाहीत. समान भाग नसले तर त्याला पाव म्हणायचं नाही, हे आज शिका, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मऊ भाकरी आणली. तिचे चार भाग नीट झाले, पण प्रश्न पुरा व्हायच्या आत सागरने एक उचलून तोंडात टाकला. बाईंनी त्याचाच प्रश्न केला. आता किती उरली? पाऊण, सागर म्हणाला, आणि शेंगाचटणी आहे का, असं विचारलं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आटोपली आणि बाई सात रस्ता चौकाजवळच्या माझ्या दुकानात आल्या. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांना घड्याळं हवी होती, पण बंद पडलेली. चालू घड्याळ शिकवू देत नाही, पावणेबारा समजावून सांगेपर्यंत त्याचे बारा वाजतात, अशी त्यांची अडचण. पोरांना मोबाइलवरचे आकडे वाचता येत, पण काटे बघितले की तोंडं उतरत. माझ्याकडे गिऱ्हाइकांनी परत न नेलेल्या भिंतीवरच्या घड्याळांचा ढीग होता. तो रिक्षात घालून दिला. मला अडगळ गेल्याचा आनंद झाला.

त्या आठवड्यात बाईंनी वर्गात आणि व्हरांड्यात घड्याळं टांगली. पोरं रांगेने एकेका घड्याळाखाली थांबून वेळ सांगत. एके दुपारी शाळा सुटायला किती वेळ राहिला, हे काढायचं होतं. त्यासाठी चालू घड्याळ हवं म्हणून बाईंनी व्हरांड्यातलं शाळेचं घड्याळ उतरवून वर्गात आणलं. रिकामा खिळा बघून कुणी तरी व्यवस्थित पोराने त्यावर आमचं एक बंद घड्याळ लावून टाकलं. त्यात पाच वाजले होते.

शिपाई लिंगप्पामामा चहा पिऊन आले, खिळ्याकडे बघितलं आणि त्यांनी घंटा दिली.

शाळा लवकर सुटल्याची तक्रार आजवर कोणी केलेली नाही. बाकीच्या वर्गांतली पोरं गेली, गुरुजी गेले, लिंगप्पामामाही गेले. बाईसुद्धा सवयीने खडू डब्यात ठेवू लागल्या. तेव्हा वेणू समोरच्या चालू घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाला, की पावणेचारच वाजलेत. बाईंनी वर बघितलं. खडू परत बाहेर काढला आणि चौथीचा वर्ग पुढे सुरू झाला.

हेडसर नेमके तपासणीला येणाऱ्या साहेबांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. दोघं आले ते सुटलेल्या पोरांच्या लोंढ्यातून वाट काढतच. सगळी शाळा रिकामी आणि एकाच वर्गातून आवाज. साहेबांनी आत येऊन विचारलं, तुम्ही का थांबलात?

"शाळा सुटायला सव्वा तास हाय, सर," वेणू म्हणाला.

"पण घंटा झाली ना?"

"घंटा चुकली की."

साहेब शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि पाच वाजेपर्यंत उठले नाहीत. त्यामुळे हेडसरांना दाराशी उभं राहावं लागलं. पाच वाजता घंटा द्यायला कोणी नव्हतं, तीही हेडसरांनीच दिली.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. शाळेला बंद घड्याळं का दिलीत, असं हेडसर विचारत होते. चालू मागितली असती तर चालू दिली असती, मी म्हणालो. बाईंना मात्र त्यांनी फार सुनावलं होतं. अनुभवाचा दाखला देणार नाही, म्हणाले होते. त्या दाखल्यावर बाईंची पुढची नोकरी होती. घड्याळ कोणत्या पोराने टांगलं, ते सांगा म्हणजे प्रश्न मिटेल, असंही सुचवून झालं. बाईंनी "घड्याळ मीच उतरवलं" एवढंच लिहून दिलं. आम्ही काही पालक हेडसरांकडे जायच्या तयारीत होतो, तेवढ्यात साहेबांचा शेरा आला. चौथीच्या वर्गाचं कौतुक होतं, आणि व्हरांड्यात चालू घड्याळ असावं, अशी सूचना. हेडसरांनी कौतुकाचं वाक्य पालकसभेत दोनदा वाचून दाखवलं, सूचनेचं एकदाही नाही. दाखला मिळाला.

एप्रिलमध्ये कायमच्या बाई परतल्या आणि आमच्या बाई गेल्या. मंगळवेढ्याच्या पलीकडे एका वस्तीवरच्या शाळेत त्यांना नोकरी लागली. पहिली ते चौथी एकाच खोलीत. फोनवर म्हणाल्या, "पोरं थोडी हायत, पण हट्टी लई. मला बरं हाय."

श्रेया यंदा आठवीत आहे. मध्यंतरी बीजगणिताने तिला पार रडकुंडीला आणलं. वही भिरकावून ती म्हणाली, मला गणित येतच नाही. मी शिकवणी लावायचं बोललो, तर तिने माझा मोबाइल उचलला आणि बाईंना फोन लावला. बराच वेळ ती नुसतं "हं" म्हणत होती. मग हसायला लागली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, बाईंनी समजावलं का?

"नाही," ती म्हणाली. "बाई म्हणाल्या, आठवीचं त्यांनाही आता आठवत नाही. पुस्तक मागवतात. रविवारी दोघी मिळून शिकणार आहोत."