वंशवेलीचं अस्तर

जायर शनावा नाकावर माशी बसू देत नसे. मशहदची यात्रा करून आला तेव्हापासून इराकमधल्या फुरात नदीकाठच्या त्या गावात सगळे त्याला जायर म्हणत, आणि बू-रहील टोळीची वंशवेल त्याच्या ताब्यात होती. चार हात लांब कापड, त्यावर शाईचं झाड, पानापानावर पुरुषांची नावं. बायकांची नावं नव्हती, आणि शाळेत शिकवणारी त्याची मुलगी तस्वाहन यावरून त्याला टोचायची. "झाडावर मला पान नाही, पण तुमचा चहा मात्र मीच करायचा!" त्यावर तो हसायचा. दुसऱ्या कुणाची मात्र त्या कापडाची थट्टा करायची छाती नव्हती.

बोरूच्या चटया विणणारा लफ्ता हा बाहेरून आलेला, टोळी नसलेला माणूस. तीस वर्षांपूर्वी तो शनावाकडे आला होता. "जायर, मला तुमच्यात लिहून घ्या. उद्या बरंवाईट झालं तर माझ्यामागे उभं राहायला कुणी नाही."

"पुरावा आण," शनावा म्हणाला. "झाडाला पानं फुटतात, चिकटवत नाहीत."

दोन वर्षांनी लफ्ताच्या मुलाच्या ट्रॅक्टरखाली शेजारच्या टोळीतलं एक मूल गेलं. अशा वेळी आपली माणसं घेऊन मृताच्या दारी तह मागायला जायची रीत आहे. लफ्ता एकटाच गेला. एकट्याला कोण दारात उभं करतं? आठ दिवसांत त्यांनी सूड म्हणून त्याच्या मुलाला ठार मारलं, आणि लफ्ता गाव सोडून समावाला निघून गेला. वाईट झालं, पण नियम तो नियम, असं शनावा म्हणत राहिला.

मग एका वर्षी टोळीचा प्रमुख शेख फलय्यिह याचा मुलगा राफिद स्वीडनहून आला, तो डीएनए तपासणीचं खूळ घेऊनच. सगळ्यात जास्त उत्साह शनावाला. "थुंका रे, थुंका! माझ्या कापडाला खोटं पाडणारा अजून जन्मायचाय." बारा म्हाताऱ्यांनी नळ्यांत थुंकी दिली.

दोन महिन्यांनी राफिदनं तस्वाहनला फोन केला. अकरा जणांची बापाकडची रेघ एकच होती. शनावाची वेगळी निघाली.

तिनं दोन दिवस गिळून ठेवलं. तिसऱ्या दिवशी भातात मीठ दोनदा पडलं, तेव्हा त्यानंच विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, बाबा. तुमची नळी जुळली नाही."

नळ्यांची अदलाबदल झाली असणार, म्हणून त्यानं दुसरी पाठवली. तेच उत्तर आलं. मग त्याच्या मनात आपल्या आईविषयी नको तो संशय आला, आणि त्या संशयाची त्याला इतकी लाज वाटली की दुपारी तो कबरस्तानात जाऊन तिची माफी मागून आला.

घरी येऊन त्यानं कापड उलटं पसरलं. मागे हिरवं अस्तर होतं, त्याच्या आजोबांनी स्वतः शिवलेलं. आजवर त्याला कुणी हात लावला नव्हता. "काप," तो तस्वाहनला म्हणाला.

पणजोबांच्या पानाच्या बरोबर मागे कुणी जुन्या माणसानं लिहिलं होतं: 'पटकीच्या वर्षी, परका असून, यानं आमची प्रेतं खांद्यावर नेली. म्हणून याला आमच्यात लिहिलं.' लिहितावाचता आजोबा कापडाचा राखणदार झाला आणि बापाचं परकेपण अस्तराखाली शिवून मोकळा झाला.

शुक्रवारी शनावानं ते कापड बैठकीत शेखपुढे ठेवलं. "शेख, मी तुमच्या रक्ताचा नाही. दुसरा राखणदार बघा."

शेखनं मागची अक्षरं दोनदा वाचली. "वाडवडिलांनी लिहिलं ते लिहिलं. बैस. कॉफी गार होतेय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं सोपं होतं ते! शनावाला भडभडून आलं. त्यानं कॉफी न पिता कप जमिनीवर ठेवला. असा कप ठेवला की मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं.

"माग," शेख म्हणाला.

"लफ्ताला लिहायचंय."

"लिही."

तेव्हा तो कॉफी प्यायला.

समावात लफ्ता अजून चटयाच विणत होता, पण डोळे जवळजवळ गेले होते. त्यानं चहा मागवून पाहुण्यापुढे ठेवला. शनावानं कापड उलगडलं आणि त्याचं बोट धरून नव्या पानावर टेकवलं. "हे तुझं. खाली तुझ्या मुलाचं."

लफ्ताचं बोट मुलाच्या नावावर बराच वेळ राहिलं. "जायर, त्या दिवशी मला झाड नको होतं. माझ्यामागे चालायला चार माणसं हवी होती."

 शनावानं चहाला अजून हात लावला नव्हता. लफ्तानं चाचपडत पेला शोधला, त्याला तो भरलेलाच लागला.

"चहा घ्या, जायर," तो शांतपणे म्हणाला. "जे मागायला आलात, ते माझ्याकडे नाही."

शनावानं तो गार चहा पिऊन टाकला.