फडक्याखालचा भाव आणि मुंबईची पुस्तिका

नवं राज्य झालं, आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, आणि बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळांत कुणाची नोकरी राहील नि कुणाची जाईल हे कुणालाच नीट सांगता येईना. मी तात्पुरता मास्तर होतो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. ती मिळाली सरकारी फीमाफीमुळे आणि मामांमुळे. मामांचं घर तापीपलीकडे जैनाबादला. कापूस आणि थोडी केळी. लहानपणापासून मी त्यांच्याकडे राहिलो, रोज नावेनं राजघाटावर उतरून शाळेत गेलो. उन्हाळ्याच्या सुटीनंतर माझं नाव मस्टरवर राहणार नाही, एवढं मात्र मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या हिवाळ्यात गावातल्या बुधवारा भागातल्या वाचनालयात मुंबईहून एक गृहस्थ व्याख्यानाला आले. ते एका संस्थेचे होते. ती संस्था निवडणूक लढवत नसे, मोर्चे काढत नसे. पातळ पातळ पुस्तिका छापून शिक्षक, वकील आणि संपादक यांना पाठवत असे. तेव्हा कारखान्याला लायसन लागे, सिमेंटला परमिट लागे, आणि हे सगळं चुकतंय असं उघडपणे म्हणणारे थोडेच होते. व्याख्यानाला आम्ही अकरा जण होतो, त्यातले दोघे वर्तमानपत्र वाचायला आलेले. तरी ते गृहस्थ तासभर मन लावून बोलले.

नंतर मला म्हणाले, "आम्हाला सत्ता नको, मास्तर. खुर्चीवर कुणीही बसो. त्याच्या डोक्यात काय आहे, ते महत्त्वाचं. त्याला वीस वर्षं लागली तरी चालतील."

त्यांनी मला एक इंग्रजी पुस्तिका दिली. शेतकऱ्याला कळेल अशा मराठीत ती उतरवायची, आणि जागोजागी इथलीच उदाहरणं घालायची. काम जमलं तर खानदेश आणि आमच्या निमाडसाठी संस्थेचा कायमचा कार्यकर्ता म्हणून माझी नेमणूक होणार होती. मुखपृष्ठावर छापायची ओळही त्यांनी ठरवली होती: 'निमाडच्या शेतकऱ्यांच्या अनुभवासह'.

मी ती पुस्तिका तीनदा वाचली. सरकारच्या फीमाफीवर शिकलेल्या माणसानं सरकारनं हात आखडावा असं लिहायचं, हे आधी जड गेलं. पण त्यात एक गोष्ट होती, ती मला अजूनही पटते. भाव हा एक निरोप असतो, असं तिथं म्हटलं होतं. कुणी हुकूम न देता जैनाबादच्या शेतकऱ्याला कळतं की दूर कुठेतरी कापूस हवा आहे. अर्थशास्त्राच्या तासाला हे मला कुणी इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

उदाहरण म्हणून मी कापसाचा जुना सौदा घेतला. बाजार समिती येण्याआधी तो फडक्याखाली होत असे. अडत्या हातावर फडकं घ्यायचा, एकेक व्यापारी त्याखाली हात घालून बोटं दाबायचा आणि दाबलेल्या बोटांवरून भाव ठरायचा. मी लिहिलं, 'तिथे सरकार नव्हतं, कागद नव्हता. दोन माणसांचा विश्वास एवढाच कायदा होता.' लिहून झाल्यावर मी स्वतःवर फार खूश होतो.

छपाईला देण्याआधी ते मामांना आणि त्यांच्या ओट्यावर जमलेल्या चार शेतकऱ्यांना वाचून दाखवलं. ते वाक्य आलं आणि मामा विडी विझवून हसायला लागले.

"भाचेबुवा, त्या फडक्यात तुमचा हात कधी गेला व्हता का?"

"नाही."

"मंग माहा गेला व्हता का?"

"तुमचा तर जातच असेल, मामा. कापूस तुमचा."

"अडत्याचा हात, व्यापाऱ्याचा हात. मी बाजूले उभा, बैल धरून. कोनं किती बोटं दाबली, मले काय दिसते? अडत्या म्हने, इतका भाव. मी म्हनो, बराबर."

शेजारचा एक जण म्हणाला, "बराबर नाही म्हनलं तर गाडी परत न्या. मास्तरनं विश्वास लिहिला त्याले."

दुसऱ्या दिवशी मामांची कापसाची गाडी बाजारात जायची होती. मी सोबत गेलो. समितीच्या नियमानं आता बोली उघड होती. गाडीभोवती व्यापारी मोठ्यानं भाव बोलत होते, एक जण बोलला की दुसरा चढवत होता, आणि मामा बैलाच्या पाठीवर हात ठेवून सगळं ऐकत होते. पुस्तिकेत ज्याचं वर्णन होतं तो बाजार मी तिथे पहिल्यांदा पाहिला. तो सरकारी नियमानं आलेला होता.

मी जुनं उदाहरण खोडलं आणि हे दोन्ही सौदे समोरासमोर मांडणारा परिच्छेद लिहिला. वर लिहिलं की बाजार खुला राहायला काही नियम लागतात. कोणते लागतात आणि कोणते नुसतेच अडवतात, हे ठरवणं खरं काम आहे. हस्तलिखित मुंबईला पाठवलं.

उत्तर सभ्य होतं. भाषांतर उत्तम आहे, परिच्छेद खराही असेल, पण छोट्या पुस्तिकेनं एका वेळी एकच गोष्ट सांगावी. परिच्छेद काढायची संमती कळवा, सोबत नेमणुकीचं पत्र निघेल.

मामा म्हणाले, "काढून टाक. चार ओळींसाठी नोकरी कोन सोडते? गावाले काय वाचता येते?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी आठवडाभर विचार केला. मग लिहिलं, परिच्छेद काढायचा तर अवश्य काढावा, पण मग मुखपृष्ठावरची शेतकऱ्यांच्या अनुभवाची ओळही काढावी. तो अनुभव ज्यांनी सांगितला ते माझ्या घरातले आहेत.

दोन महिन्यांनी पार्सल आलं. छापील पुस्तिकेत परिच्छेद नव्हता, ती ओळ नव्हती, माझं नावही नव्हतं. नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली होती. सोबत वाचनालयाला भेट म्हणून पंधरावीस चांगली पुस्तकं होती आणि त्या गृहस्थांच्या हाताची एक चिठ्ठी, 'तुमच्यावर राग नाही, तुमचाही माझ्यावर नसावा.' राग खरोखरच नव्हता. ती पुस्तकं मी पुढं कितीतरी वर्षं वापरली. मामा मात्र महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. जुलैत मला एका खेड्यातल्या शाळेत जागा मिळाली, तेव्हा कुठं ते निवळले.

पुढे वाचनातून कळलं की अशा संस्था महायुद्धानंतर इंग्लंड-अमेरिकेतही निघाल्या होत्या. त्यांचीही रीत हीच होती: नेत्यांच्या मागे न लागता शिकवणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना गाठायचं आणि वाट पाहायची. आपल्याकडे पस्तीसेक वर्षांनी लायसनं उठली, त्या वर्षी वर्तमानपत्रांतून जी वाक्यं येत होती, त्यातली काही मी जैनाबादच्या कंदिलाजवळ मराठीत जुळवली होती. माझ्या नावानं नव्हे, पण ती पोचली होती.

त्याच सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचे यंत्रमाग आहेत. म्हणाला, "सर, तुम्ही वाचायला दिलेलं ते छोटं पुस्तक अगदी बरोबर निघालं."

"बरंचसं," मी म्हणालो.

तो घाईत होता, तरी उभा राहिला. "बरंचसं म्हणजे, सर? राहिलं काय?"

मी त्याला चहाला बसवलं आणि छापायचा राहिलेला परिच्छेद सांगायला सुरुवात केली.