चेंबरखालचा पॅकबंद पत्रा

गाडीचा खालचा पत्रा आणि चेंबर यांच्या मधल्या फटीत दर रविवारी थोडा चिखल अडकतो, थोडी खडी, एखादं वाळकं पान. कुणी मुद्दाम भरत नाही. पण सहा महिन्यांनी पत्रा उतरवला की पाटीभर ऐवज निघतो. रविवारी हौसेनं डोंगरात गाड्या घालणाऱ्या आमच्या मंडळींचे किस्से तसेच साचलेत. आज पत्रा उतरवतो.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये माझं दुकान आहे. आधी लोखंडी कपाटं विकायचो, आता गाड्यांच्या पोटाखाली गार्ड, म्हणजे हाच पत्रा, बसवतो. जे काही शिकलो ते गाडीखाली उताणं पडून. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी टांगलेलं तेलाचं पातेलं समजा. डोंगरात दगड पहिला तिथंच लागतो. चेंबर फुटलं की तेल जातं, तेल गेलं की इंजिन जाम, आणि मग माणूस जिथं असेल तिथंच. ही भीती दाखवली की माझं गिऱ्हाईक वाढतं, नाही म्हणत नाही. पण भीती खोटी नाही. मलाही वाटते.

आमच्यात सगळ्यात जास्त ती बाळारामला वाटायची. बाळाराम बारवीकडच्या एका डोंगरवाडीतला. आम्ही हौसेनं ज्या वाटेवर गाड्या घालतो, ती त्याची रोजची वाट. वाडीत जीप एकच, त्याची. या उन्हाळ्यात तो दुकानात येऊन बसला, पाणीही घेईना. म्हणाला, "शेट, पोर बाळंतपणाला आलीया. पहिलंच हाय. जीप मधीच बसली तर तिला झोळीत घालून आणाया लागंल. लई लांब पडतं. पत्रा असा बसवा का दगड आत पोचलाच नाय पायजे."

मी बसवला. कसा बसवला, ते कळायला आधीचे दोन-तीन किस्से ऐकावे लागतील.

*

आमचे डॉक्टर बदलापूरचे, दातांचे. नवी गाडी घेऊन पहिल्या रविवारी आमच्याबरोबर आले, गार्ड न लावता. ओढ्यात ठक्कन आवाज झाला. पाऊण किलोमीटरवर इंजिन बंद पडलं ते पडलंच.

मी विचारलं, "डॉक्टर, तेलाचा लाल दिवा लागला नव्हता?"

"लागला होता."

"मग थांबला का नाहीत?"

डॉक्टरांनी बॉनेट पुन्हा लावलं. मग म्हणाले, "दुखत नव्हतं हो. माझे पेशंटही हेच सांगतात."

*

अंबरनाथचे इनामदार कारखान्यातून रिटायर झालेले. डॉक्टरांची अवस्था बघून इतके घाबरले की दुसऱ्या दिवशी दुकानात हजर. "सगळ्यात जाड पत्रा लाव." मी समजावलं, त्यांनी ऐकलं नाही. आठ एमएमचा पत्रा लावला. गाडी वजनानं खाली बसली, त्यात पत्र्याची जाडी. पूर्वी जे दगड पोटाखालून सुखानं निघून जायचे, ते आता एकूण एक घासायला लागले.

माझा वेल्डर लछूकाका, सत्तरीचा सिंधी माणूस. चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "साईं, आता गाडीला काय होणार नाय. दगडांचं बघा."

*

तिसरा किस्सा तुम्ही हसत ऐकलात तरी मला हसू येत नाही. फेब्रुवारीअखेर, डोंगरावर गवत कमरेएवढं आणि पापडासारखं वाळलेलं. डॉक्टरांच्या दुरुस्त केलेल्या, आता गार्ड लावलेल्या गाडीत मी आणि काका. डॉक्टर नाक वर करून म्हणाले, "कुणीतरी भाकऱ्या भाजतंय वाटतं."

त्या डोंगरावर माणूस दिसत नव्हता. मी खाली वाकलो. गार्डच्या भोकांतून गवत आत शिरून सायलेन्सरला चिकटलं होतं आणि लालभडक झालं होतं. डिझेलची टाकी तिथून दोन हातांवर. पाण्याच्या बाटल्या आम्ही चढावरच संपवल्या होत्या. जेवणासाठी आणलेलं पाच लिटर ताक होतं, ते ओतलं. विझलं.

काकानं आत बोट घालून चाटून बघितलं. "जिरं जास्त झालं होतं."

*

पण त्या आगीनं आम्हा दोघांचं डोकं फिरलं. भोकातून गवत शिरतं? मग भोकच नको. तेल बदलायचं भोक बंद, पाणी निघायचं भोक बंद, कडा चारही बाजूंनी वर वळवलेल्या. काका त्याला 'पॅकबंद' म्हणायचा. पहिला पत्रा डॉक्टरांच्या गाडीला बसवला, दुसरा बाळारामच्या जीपला.

आमची एक पद्धत आहे. डोंगरातून आलं की गाडीखाली जुना पेपर पसरायचा आणि सकाळी तो वाचायचा. काळा ठिपका म्हणजे इंजिनाचं तेल, लाल म्हणजे स्टिअरिंगचं, नुसतं पाणी असेल तर एसीचं. पॅकबंद लावल्यापासून डॉक्टरांचा पेपर तीन सोमवार कोरा. ते खूश, मी त्याहून खूश.

चौथ्या आठवड्यात बुधवारी गाडी सर्व्हिसिंगला दुकानात आली. काका खाली झोपून गार्डचे बोल्ट सोडत होता. शेवटचा सुटला आणि लिटरभर काळं तेल त्याच्या छातीवर आलं. चेंबर कधीचं झिरपत होतं. तेल पत्र्यातच साचत होतं, पेपरापर्यंत पोचणार कसं?

काका उठला. तोंड पुसलं नाही, मस्करी केली नाही. एवढंच म्हणाला, "बाळाराम."

*

वाडीत फोनला रेंज नसते. डॉक्टरांची गाडी उघडलेली, म्हणून काका आणि मी अंबरनाथला जाऊन इनामदारांना उचललं, निघालो त्यांच्याच गाडीत. मांडीवर तेलाचा कॅन, पिशवीत बॅटरीवरचं ड्रिल. इनामदारांचा पत्रा प्रत्येक दगडावर घासत होता आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, हा बाळारामच्या जीपचाच आवाज. ओढ्याच्या वरच्या कातळावर पांढरा ताजा ओरखडा दिसला. खाली उतरून धूळ बघितली. तेलाचा एक थेंब नाही, म्हणजे गळलं तरी बाळारामला कळणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा तेलाचा डाग दिसावा म्हणून मी जीव टाकत होतो.

वाडीत बाळारामच्या घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "सकाळीच गेली. पोरीला कळा लागल्या."

परत फिरलो, ओढ्याखालून बदलापूरला फुटणाऱ्या दुसऱ्या वाटेनं. प्रत्येक वळणावर, आता जीप दिसेल, आता झोळी दिसेल.

बदलापूरला दवाखान्याच्या आवारात जीप उभी होती. बॉनेट उघडं, आणि त्यावर एक पेजेची पळी, काळीकुट्ट. पायरीवर बाळारामची बायको जनीवहिनी बसलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे.

"नात झाली, शेट," ती म्हणाली. "दोघी बऱ्या हायत."

मी पिशवीतून ड्रिल काढलं. म्हटलं, आत्ताच्या आत्ता भोक पाडतो, मगच घरी जातो.

वहिनी जवळ आली. "त्या कातळावर आदळली ना, तवा तेलाचा काटा पडला. ह्यांनी वाकून बघितलं तर भुईवर थेंब नाय. मी चाकाकडनं हात घातला. पत्र्यात तेल ह्ये एवढं, तळ्यावानी. पोरीसाठी पेज घेतली व्हती, तिची पळी व्हती. पळीनं काढलं, पदरातनं गाळलं, परत वरनं ओतलं. काटा पडला का थांबायचं, भरायचं. चार येळा थांबलो."

काका माझ्याकडे बघत होता.

"ह्यांना मी तवाच बोलले," वहिनी म्हणाली, "भोक असतं तर सगळं वाटंतच गेलं असतं. शेटनं डोकं लावलंया. मुद्दाम ठेवलं नाय भोक."

मी ड्रिल हळूच पाठीमागे नेलं आणि विचारलं, "वहिनी, बाळाचं वजन किती भरलं?"