साडभाऊंचं रविवारचं अपडेट

अख्ख्या रायपुरात कॉम्प्युटरशी अदबीनं बोलणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच नात्यात निघाला. आमचे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. जन्म स्टेशन मास्तरकीत गेला, आता चौबे कॉलोनीत राहतात. पुढच्या स्टेशनाला विचारल्याशिवाय, त्यानं हो म्हटल्याशिवाय आणि ते हो परत म्हणून दाखवल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही नोकरीची सवय त्यांच्यासोबत घरी आली ती आलीच. ताईंनी "मीठ द्या" म्हटलं की हे "मीठ देऊन राहिलो" म्हणणार, देणार, आणि वर "मीठ मिळालं?" विचारणार. त्या "मिळालं, मिळालं, जेवा आता!" म्हणून कातावेपर्यंत घास उचलणार नाहीत.

त्यांचा एकुलता एक पोट्टा बंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्यानं घरातल्या जुन्या डबड्यावर लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम टाकून दिली. आता या लिनक्सवर काही नवीन बसवायचं किंवा असलेलं अपडेट करायचं, तर ते काम करणारा जो प्रोग्राम असतो तो भलता बडबड्या. ‘यादी वाचतो आहे. वाचली. कोण कोणाच्या भरवशावर आहे ते पाहतो आहे. पाहिलं.’ अशा इंग्रजी ओळींवर ओळी टाकत जातो, आणि चाल म्हणाल तर बैलबंडीची. माझं तर डोकंच फिरतं, बाप्पा! साडभाऊ मात्र पहिल्याच दिवशी खूश. मीही त्यांचा साडभाऊच, तर मला म्हणाले, "पाहा साडभाऊ, सांगितल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. असा माणूस मले पूर्ण सर्विसमध्ये नाही भेटला!" प्रत्येक ओळ ते मोठ्यानं वाचतात. शेवटी तो ‘पुढे जाऊ का?’ असं विचारतो, तेव्हा ताठ बसून "हव!" म्हणतात आणि मगच बटण दाबतात.

एकदा त्यांनी साधा पत्त्यांचा खेळ मागितला, तर त्याच्यासोबत वऱ्हाड आल्यासारखी ढीगभर पॅकेजं, म्हणजे छोटेमोठे मदतनीस प्रोग्राम, आली. साडभाऊंनी एकेकाचं नाव वाचून चौकशी केली. त्याच प्रोग्रामची आणखी एक खोड आहे, ‘यांची आता गरज उरलेली नाही, काढून टाकता येतील’ अशी एक यादी तो दर वेळी दाखवतो. मी म्हटलं, "काढा न मग, काहून ठेवता?" साडभाऊ चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "रिटायर लोक आहेत ते. राहू द्या. काय खाऊन राहिले आपलं?" आजतागायत एकही काढलेलं नाही.

एका रविवारी अपडेट अर्ध्यावर असताना लाईट गेली आणि डबडं पार अडकून बसलं. पोट्ट्यानं फोनवरून एकेक ओळ विचारत ते मार्गी लावलं आणि दम भरला, "पापा, मेरे बिना मत करना." झालं! तेव्हापासून रविवारी सकाळी फोन स्पीकरवर, साडभाऊ वाचणार, पोट्टा तिकडून "हाँ, आगे?" म्हणणार. पोट्ट्याला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच. एरवी त्याचा फोन म्हणजे "खाना खाया? ठीक है, रखता हूँ," एवढाच. रविवारी मात्र चहा दोनदा व्हायचा तरी बापलेकांचं संपत नसे. ओळींच्या मधल्या रिकाम्या वेळात पोट्टा साहेबाची कुरकुर सांगे, खानावळीतल्या भाजीला नावं ठेवी. ताई पोहे परतता परतता सगळं ऐकत असायच्या.

दिवाळीत पोट्टा आला. बापाला किती ताटकळत बसावं लागतं हे पाहून कळवळला बिचारा, आणि नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन दिला. हा सगळं आपोआप, गुपचूप करतो, विचारत नाही की सांगत नाही. "अब आपको कुछ नहीं करना, पापा." आम्ही सगळ्यांनी पोराचं कौतुक केलं. साडभाऊंनीही केलं. रविवारचा फोन मात्र पुन्हा "खाना खाया?"वर आला.

काही महिन्यांनी एका रविवारी मी सहज गेलो, तर साडभाऊ अलमारीवरून जुनं डबडं उतरवत होते. "मागं पडलं असंल न हे," एवढंच म्हणाले. चालू केलं तर महिन्यांची थकबाकी, यादी सरता सरेना. ते वाचत होते, मी आपला "हव, हव" करत होतो.

"हव काय नुसतं? परत म्हणून दाखवा न," ते म्हणाले.

"पोट्ट्याला लावू का फोन?"

"नको. एक दिवस झोपाले भेटते त्याले."

ताईंनी पदराला हात पुसले, नंबर लावला आणि फोन स्पीकरवर करून त्यांच्यासमोर ठेवला.

"क्या हुआ पापा? नया वाला बंद पड़ गया?"

"नाही रे. तो चांगला आहे. जुनं लावून बसलो होतो. तू झोप."

पलीकडून पलंग करकरल्याचं ऐकू आलं.

"वाचा न, पापा," पोट्टा म्हणाला. "पयलेपासून."

साडभाऊंनी चष्मा काढून पुसला, ताठ बसले आणि म्हणाले, "पयलेपासून वाचून राहिलो."