सितोलियाला लगोरी म्हटलं तेव्हा

महिलांच्या अंतिम सामन्यात माझ्या बायकोची टीम हरली नाही, हरवली गेली. मी मैदानाच्या कडेला मोजत उभा होतो. फरशीच्या सात तुकड्यांपैकी पाच रचून झाले होते, दोन तिच्या हातात होते. तेवढ्यात चेंडू तिच्या जोडीदारणीच्या पोटरीला लागला आणि पंचांनी शिट्टी फुंकली.

"डाव संपला! एक बाद, सगळे बाद."

पंच वर्षभरापूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आलेले, कॉलनीत नवे. आम्ही इथे इंदूरच्या 'जुनी इंदूर' मोहल्ल्यात लहानपणापासून खेळलो तो नियम साधा आहे: ज्याला चेंडू लागला तो बाहेर, बाकीचे रचत राहणार. मैदानात अजून तिघी शिल्लक होत्या. तिघी!

"ओ भिया, सितोलिया में ऐसा थोड़ी होता है!" बायको ओरडली. तीन आठवडे रोज सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून सराव केला होता तिने. शाळेचे दिवस संपल्यापासून ती पहिल्यांदाच कुठल्या खेळाच्या अंतिम सामन्यात पोचली होती.

"काकू, सितोलिया नाही, लगोरी. नोटिशीत तसंच आहे," पंच म्हणाले. "आमच्याकडे लगोरी अशीच खेळतात."

आमच्याकडे! इंदूरच्या मैदानात उभं राहून! माझं डोकं फिरलं. मी तावातावाने नोटीस मागवली. कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या नोटिसा मीच लिहितो, प्रत्येक दोनदा तपासून. ही पण माझीच होती. वर लगोरी, खाली 'नियम नेहमीचे'. महाराष्ट्रातून आलेल्यांसमोर आपली मराठी कच्ची दिसू नये म्हणून घरातला शब्द मी बदलला होता. नेहमीचे म्हणजे कुणाचे, हे लिहायची गरज मला वाटलीच नव्हती.

तरीही म्हणतो, खेळाआधी विचारणं हे पंचांचं काम होतं. तसा लेखी अर्जही मी तिथेच उभ्या उभ्या खरडून दिला. निकाल बदलला नाही.

बायकोने हातातले दोन तुकडे पाचांवर नीट ठेवले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सितोलिया लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं हो तुमचं?" आणि पट्टा सोडत मैत्रिणींकडे निघून गेली.